लोणारचे पाणी आणि संगणकातील प्रयोगवही

जून २०२० मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले. एरवी हिरवट दिसणारे हे पाणी काही दिवसांत कसे काय बदलले, याची चर्चा गावच्या पारापासून वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानापर्यंत झाली. विषय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला. वनखात्याने पाण्याचे नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे व नागपूरच्या 'नीरी'कडे पाठवले. आघारकर संस्थेने उत्तर दिले ते असे: उन्हाळ्यात पाणी आटले, क्षारांचे प्रमाण वाढले, आणि अशा खारट, अल्कधर्मी पाण्यात सुखाने वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव माजले. त्यांच्या अंगातील गुलाबी रंगद्रव्यामुळे पाणी गुलाबी दिसले. नमुन्याचे पाणी न हलवता ठेवले तेव्हा हे जीव तळाशी बसले आणि वरचे पाणी नितळ झाले. म्हणजे रंग पाण्याचा नव्हता, पाण्यातील जीवांचा होता.

एवढी गोष्ट वर्गात सांगितली की एखादा विद्यार्थी विचारतोच, "पण सर, पाण्यात कोण राहतं हे कसं कळतं?" या लेखाचा विषय हाच प्रश्न आहे, फक्त त्याचा एक सहसा न सांगितला जाणारा भाग आम्ही निवडला आहे. पाणी बाटलीत भरण्यापासून जीवाचे नाव कागदावर येईपर्यंत जे काम होते, त्यातील निम्म्याहून अधिक काम आज संगणकात होते. त्या कामाची वही कोण ठेवतो, कशी ठेवतो, आणि ती ठेवण्याची पद्धत कशी घडत गेली, हे आपण पाहू.

आधी लोणारविषयी थोडक्यात. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकात आहे. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. ते ज्वालामुखीचे की उल्काघाताचे, हा वाद पुढे दीडशे वर्षे चालला. १९७३ मध्ये फ्रेडरिक्सन आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात आघाताचे पुरावे मांडले आणि वाद जवळजवळ मिटला. पाण्याचा सामू १० च्या आसपास. साबणाच्या पाण्याइतक्या अल्कधर्मी पाण्यात कोणी राहत असेल असे सहज वाटत नाही. पण तेथे जीवसृष्टी भरगच्च आहे, आणि म्हणूनच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ लोणारला पुनःपुन्हा येत राहिले.

जुनी पद्धत म्हणजे नमुना बशीत पेरायचा, जीव वाढवायचे, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे आणि रासायनिक चाचण्या करायच्या. ही पद्धत आजही लागते. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेच्या संशोधनातून लोणारच्या पाण्यातील एक जिवाणू २०१२ मध्ये नव्या प्रजातीत घातला गेला. त्याचे नाव ठेवले सेसेम्बिया लोणारेन्सिस. 'सेसेम्बिया' हे सी-सी-एम-बी या अक्षरांवरूनच बनवले आहे! वैज्ञानिक नावांना विद्यार्थी घाबरतात. त्यांना हे नाव फोडून दाखवावे. परंतु बशीत वाढतील असे जीव एकूण जीवांच्या मानाने फारच थोडे असतात. बाकीच्यांना ओळखायचे तर त्यांच्या डी.एन.ए. वरून.

यासाठी एक जनुक फार उपयोगी पडते. प्रत्येक पेशीत प्रथिने बनवणारे रायबोसोम असतात, आणि जिवाणूंमध्ये त्यांचा एक भाग १६-एस आर.आर.एन.ए. या रेणूचा असतो. त्याचे जनुक सुमारे १५०० अक्षरांचे. त्यातील काही भाग सर्व जिवाणूंत जवळजवळ सारखा, तर काही भाग जातीजातीत वेगळा. म्हणजे घरावरच्या पाटीसारखे: 'श्री.' सगळ्यांना सारखे, पुढचे नाव वेगळे. १९७७ मध्ये कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी याच रेणूच्या आधारे दाखवले की ज्यांना आपण सरसकट जिवाणू म्हणत होतो, त्यांच्यातील काहींचा वंश अगदीच निराळा आहे. त्यांना आज आर्किया म्हणतात. लोणारला गुलाबी करणारे हॅलोआर्किया त्यांच्यापैकीच.

पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील संशोधकांनी लोणारच्या गाळातील जिवाणूंचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात बशीत जीव न वाढवता १६-एस जनुकाचा मार्ग वापरला होता. २०१० मध्ये त्याच संस्थेच्या आणि इंग्लंडमधील वॉरिक विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी मिथेनसारख्या एक-कार्बनी पदार्थांवर जगणारे लोणारचे जीव शोधले. जड कार्बन असलेले अन्न द्यायचे, आणि ज्यांच्या डी.एन.ए. मध्ये तो जड कार्बन सापडेल ते जीव ते अन्न खरोखर खातात असे मानायचे, अशी ती सुंदर युक्ती. पुढे २०१६ मध्ये पुण्याच्या संशोधकांनी नव्या वेगवान यंत्रांनी सरोवराच्या पाण्यातील आणि गाळातील जनुके वाचली. त्यांच्या यादीत प्रोटिओबॅक्टेरिया सुमारे ३० टक्के, ॲक्टिनोबॅक्टेरिया २४, फर्मिक्युट्स ११ आणि सायनोबॅक्टेरिया ५ टक्के निघाले.

येथे थांबून शिक्षकाने एक प्रश्न विचारायला हवा. आपल्याला दहा वर्षांच्या अंतराने केलेले दोन अभ्यास मिळाले, तर त्यांतील आकडे शेजारी शेजारी ठेवून "अमुक गट वाढला, तमुक घटला" असे म्हणता येईल का?

बहुतेक वेळा नाही. नमुना वेगळा, ऋतू वेगळा, यंत्र वेगळे हे तर आहेच. पण समजा सारे सारखे असते, तरी संगणकातील कृती वेगळी असेल तर उत्तर वेगळे येते. यंत्रातून लाखो तुकडे बाहेर पडतात. त्यांतील खराब अक्षरे छाटायची, पण किती खराब म्हणजे खराब? सारख्या तुकड्यांचे गट करायचे, पण किती सारखे? बरीच वर्षे ९७ टक्के साम्य असलेले तुकडे एका गटात टाकण्याची प्रथा होती. २०१६ मध्ये आलेल्या 'डाडा-टू' या आज्ञावलीनंतर एका अक्षराचा फरकही वेगळा धरता येऊ लागला. मग प्रत्येक गटाला नाव द्यायचे, ते एखाद्या माहितीसाठ्याशी ताडून. हे साठेही बदलत असतात. वर दिलेली प्रोटिओबॅक्टेरिया, फर्मिक्युट्स ही नावेच पाहा. २०२१ मध्ये या संघांना नियमानुसार नवी नावे मिळाली, स्यूडोमोनाडोटा आणि बॅसिलोटा. आज कोणी जुना साठा वापरला आणि कोणी नवा, तर एकाच जीवाला दोघे दोन नावांनी हाक मारतील.

आमच्या गटावर हा प्रसंग प्रत्यक्ष आला. शिक्षकांसाठीच्या एका बैठकीत दाखवायला म्हणून आम्ही एका सरोवराचे सर्वांसाठी खुले असलेले जनुकीय तुकडे उतरवून घेतले आणि त्यांचा एक रंगीत आलेख बनवला. आलेख सर्वांना आवडला. वर्षभराने एका बाईंनी विचारले, "यात हिरव्या शैवालांची हरितलवके मोजली आहेत की वगळली आहेत?" प्रश्न अगदी मार्मिक होता. हरितलवके ही मुळात सायनोबॅक्टेरियापासून आलेली. त्यांच्यातही १६-एस जनुक असते. ती वगळली नाहीत तर काही माहितीसाठ्यांत ती सायनोबॅक्टेरियाच्या खात्यात जमा होतात. आम्ही फोल्डर उघडले. आत 'फायनल', 'फायनल-२' आणि 'खरे फायनल' अशा तीन फायली होत्या. आलेख कोणत्या फायलीवरून काढला, कोणत्या आज्ञा दिल्या, यांपैकी काहीही सांगता येईना. आम्ही तोच आलेख पुन्हा काढू शकलो नाही. दहावीच्या मुलाने प्रयोगवहीत नुसते अनुमान लिहिले आणि कृती लिहिलीच नाही, तर आपण त्याला किती गुण देतो?

ही अडचण फक्त आमची नव्हती. संगणकावर काम करणारे लोक पन्नास वर्षांपासून तिच्याशी झगडत आहेत.

कमांड लाइन म्हणजे काय हे नव्वदीच्या दशकात डॉसवर काम केलेल्या शिक्षकांना सांगावे लागणार नाही. काळा पडदा, लुकलुकणारी खूण, आणि आपण टंकलेली आज्ञा. चित्रांवर बोट ठेवून काम करण्यापेक्षा ही रीत अवघड वाटते, पण तिचा एक मोठा गुण आहे: दिलेली आज्ञा अक्षरांत असते, म्हणून ती लिहून ठेवता येते. माऊसची टिचकी लिहून ठेवता येत नाही.

१९७३ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत युनिक्स या प्रणालीत 'पाइप' आला. कल्पना डग मॅकिलरॉय यांची, प्रत्यक्ष काम केन थॉम्पसन यांचे. एका आज्ञेचे उत्पादन थेट दुसरीच्या तोंडी द्यायचे, अशी ती सोय. जीवशास्त्रज्ञ आज ज्याला पाइपलाइन किंवा वर्कफ्लो म्हणतात, त्याचे बीज येथे आहे.

पण साखळी लांबली की विसरणे सुरू होते. १९७६ मध्ये त्याच प्रयोगशाळेत स्टीव्ह जॉन्सन यांनी अख्खी सकाळ एक चूक शोधण्यात घालवली. चूक आधीच दुरुस्त झालेली होती. फक्त दुरुस्त केलेली फाइल पुन्हा संकलित करायचे राहून गेले होते, त्यामुळे जुनाच कार्यक्रम चालत होता. वैतागून ते स्टुअर्ट फेल्डमन यांच्याकडे गेले. फेल्डमन यांनाही नुकताच तोच अनुभव आला होता. शनिवार-रविवारी बसून त्यांनी 'मेक' नावाची आज्ञावली लिहायला घेतली.

मेकची कल्पना स्वयंपाकघरातून समजते. पुरणपोळी हवी. तिला पुरण आणि कणीक लागते. पुरणाला शिजलेली डाळ आणि गूळ लागतो. शिजलेल्या डाळीला भिजवलेली डाळ लागते. आपण एका कागदावर एवढेच लिहायचे की कशाला काय लागते आणि ते कसे करायचे. क्रम मेक स्वतः ठरवतो. समजा नंतर कोणी कणीक बदलली, तर मेक पाहतो की पुरण तयार आहे आणि त्याला लागणारे काहीच बदललेले नाही. मग तो डाळ पुन्हा शिजत घालत नाही. फक्त कणीक मळतो आणि पोळ्या लाटतो. हे कळण्यासाठी तो फायलींवरची वेळ पाहतो: ज्यापासून बनवायचे ती वस्तू बनवलेल्या वस्तूपेक्षा नवी असेल, तर काम पुन्हा करायचे.

मेकच्या कागदात एक त्रासदायक नियम होता. आज्ञेच्या ओळीची सुरुवात टॅबनेच व्हायला हवी. मोकळ्या जागा टंकल्या तर चालत नाही, आणि पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. हे वाईट आहे हे फेल्डमन यांच्या लवकरच लक्षात आले. पण तोवर मेक वापरणारे डझनभर लोक झाले होते, आणि त्यांचे काम मोडू नये म्हणून त्यांनी नियम बदलला नाही. त्या डझनभर लोकांसाठी जगातल्या लक्षावधी लोकांनी पुढे टॅबच्या चुका शोधल्या. आपल्याकडे परीक्षेच्या नमुना-तक्त्यातील एखादा निरुपयोगी रकाना वर्षानुवर्षे का टिकतो, याचेही उत्तर बहुधा हेच असावे. असो.

जीवशास्त्रात संगणक आला तो हळूहळू. भारतात जैवतंत्रज्ञान विभागाने जैवमाहितीचे देशव्यापी जाळे उभारायला घेतले आणि १९८७ मध्ये पुणे विद्यापीठात जैवमाहितीशास्त्राचे केंद्र सुरू झाले. १९८८ मध्ये पुण्यातच सी-डॅक स्थापन झाली आणि १९९१ मध्ये तिचा 'परम ८०००' हा महासंगणक तयार झाला. म्हणजे लोणारचा गाळ पुण्यात पोचण्यापूर्वीच त्याचा अर्थ लावण्याची विद्या पुण्यात रुजू लागली होती. जगात १९९० मध्ये 'ब्लास्ट' आली. एक जनुकीय क्रम दिला की साठ्यातील त्याच्यासारखे क्रम शोधून देणारी ही आज्ञावली आजही वापरात आहे. मानवी जनुकसंचाच्या प्रकल्पात पर्ल या भाषेत लिहिलेल्या छोट्या छोट्या जोड-आज्ञावल्यांनी मोठी कामे उरकली. पण त्या लिहिणारा माणूस नोकरी सोडून गेला की मागच्यांना काही कळत नसे.

२००९ मध्ये विल्यम नोबल यांनी एक साधा, जवळजवळ घरगुती सल्ल्यासारखा लेख प्रसिद्ध केला. विषय एवढाच की संगणकावर जीवशास्त्र करणाऱ्याने आपले फोल्डर कसे लावावेत. मूळ माहिती एकीकडे, आज्ञावल्या एकीकडे, निकाल तारखेवार. आणि प्रत्येक निकालाबरोबर तो ज्या आज्ञांनी आला त्या आज्ञांची फाइल. नव्याने येणाऱ्याला, अगदी सहा महिन्यांनी परतलेल्या आपल्या स्वतःलाही, काय झाले ते कळावे, हा हेतू. आमच्या मते शिक्षकांना या साऱ्या इतिहासातील हाच लेख सर्वांत जवळचा वाटेल. त्यात नवे तंत्र फारसे नाही, शिस्त आहे.

मग ही शिस्त आज्ञावल्यांमध्येच उतरली. २०१२ मध्ये जर्मनीतील योहानेस कोस्टर आणि स्वेन राहमान यांनी 'स्नेकमेक' प्रसिद्ध केली. नावातच सांगितले आहे: पायथन भाषेतील मेक. २०१३ मध्ये बार्सिलोनातील जनुक-नियमन केंद्रात पाओलो दी तोमासो यांच्या पुढाकाराने 'नेक्स्टफ्लो' आली. त्याच वर्षी 'डॉकर' आले. डॉकर म्हणजे आज्ञावली आणि तिला लागणारे सारे सामान एका बंद डब्यात. ज्या पोळी-भाजीचा डबा घरी भरला, तोच शाळेत उघडतो, तसे पुण्यात चाललेले काम लोणारच्या संगणकावर त्याच आवृत्तीने चालते.

आता खरा प्रश्न. एवढी साधने आली तरी नवीन काम सुरू करणारा माणूस कोऱ्या फोल्डरसमोरच बसतो. आणि कोरे फोल्डर पुढे 'खरे फायनल' पर्यंत कसे जाते, ते आपण पाहिले. येथे साचा कामाला येतो.

२०१३ मध्ये ऑड्री रॉय यांनी 'कुकीकटर' ही आज्ञावली तयार केली. कुकीकटर म्हणजे बिस्किटे कापायचा साचा. आपण मोदकाचा साचा म्हणू. ती आपल्याला काही प्रश्न विचारते आणि उत्तरे साच्यात भरून एक तयार फोल्डर देते. याच विचारातून जैवमाहितीशास्त्रात २०१८ मध्ये 'एनएफ-कोअर' हा जगभरच्या वापरकर्त्यांचा उपक्रम उभा राहिला. स्वीडनमधील फिल युएल्स हे त्याच्या आरंभकर्त्यांपैकी. २०२० मध्ये त्याविषयीचा शोधनिबंध आला. त्यांच्या साधनाला 'क्रिएट' ही आज्ञा दिली की ते विचारते: कामाचे नाव काय? एका वाक्यात वर्णन करा. करणारे कोण? उत्तरे दिली की मिनिटाभरात फोल्डर तयार.

आम्ही ते उघडून पाहिले तेव्हा पहिल्यांदा जरा दडपण आले, कारण आत डझनावारी फायली होत्या. मग एकेक पाहत गेलो आणि ओळख पटत गेली. काम काय आहे हे सांगणारी फाइल, म्हणजे उद्देश. कोणत्या आज्ञावल्या वापरल्या आणि त्यांचे श्रेय कोणाला, ही झाली साहित्याची यादी. मुख्य आज्ञावली म्हणजे कृती. काय बदलले ते तारखेनुसार लिहायची फाइल. इतरांना हे काम कोणत्या अटींवर वापरता येईल, तो परवाना. आणि नमुन्यांचा एक तक्ता: पहिल्या रकान्यात नमुन्याचे नाव, पुढे त्याच्या फायलींचे पत्ते, अगदी हजेरीपटासारखा. प्रयोगवहीवर छापलेले मथळेच जणू, फक्त येथे मथळे कामही करतात.

कामही करतात, ते असे. साच्यातून निघालेले फोल्डर रिकामे नसते. त्यात जनुकीय तुकड्यांची प्रत तपासणारी एक पायरी आणि सर्व तपासण्यांचा एकत्र अहवाल बनवणारी एक पायरी आधीच जोडलेली असते, आणि सोबत चाचणीसाठी छोट्याशा माहितीचा पत्ताही असतो. आपण स्वतःची एकही ओळ लिहिण्याआधी काम एकदा चालवून पाहायचे. चालले, तर संगणक, जाळे, डबे सारे ठीक आहे. यानंतर काही बिघडले तर दोष आपण लिहिलेल्या ओळीत आहे. रसायनाच्या तासाला अज्ञात क्षार देण्यापूर्वी आपण ओळखीच्या क्षारावर चाचणी करून घेतो, त्यासारखेच हे.

आणखी एक गोष्ट आम्हाला विशेष वाटली. मंडळाने प्रयोगवहीचा नमुना बदलला, तर जुन्या वह्यांचे काय? एनएफ-कोअरमध्ये साच्याची मूळ प्रत प्रत्येक कामाच्या शेजारी वेगळ्या शाखेत जपून ठेवलेली असते. साचा सुधारला की फक्त तेवढे बदल सर्व कामांकडे पाठवले जातात, आणि आपण लिहिलेले व साच्यातून आलेले यांचा जेथे सांधा जुळत नाही, तेथे निर्णय माणसाकडे सोपवला जातो. मेकच्या टॅबला अशी सोय नव्हती.

पण साच्याचा धोकाही तेवढाच खरा आहे, आणि तो आपल्याइतका कोणालाच माहीत नसेल. छापील प्रयोगवहीने मुलांना प्रयोग करायला शिकवले, तसेच मागच्या वर्षीच्या वहीतून निरीक्षणे उतरवायलाही शिकवले. संगणकातील साच्यात प्रत्येक प्रश्नाला एक तयार उत्तर भरलेले असते. आपण काही न सांगितल्यास तेच धरले जाते. १६-एस अभ्यासासाठी एनएफ-कोअरचा 'ॲम्प्लीसेक' हा तयार वर्कफ्लो आहे. त्यात हरितलवके आणि तंतुकणिका यांचे क्रम न सांगताच वगळले जातात. बाईंच्या प्रश्नाचे उत्तर असे आयते मिळते, पण ते मिळाले आहे हे कळण्यासाठी ती ओळ वाचावी लागते.

लोणारसारख्या ठिकाणी हे अधिक जपावे लागते. तुकडे वाचण्याआधी प्रयोगशाळेत १६-एस जनुकाच्या प्रती वाढवतात आणि त्यासाठी प्रायमर नावाचे छोटे तुकडे वापरतात. प्रायमर जिवाणूंसाठी बेतलेला असेल तर आर्कियांची जनुके नीट वाढत नाहीत, किंवा मुळीच वाढत नाहीत. समजा २०२० च्या जूनमधील गुलाबी पाणी कोणी केवळ जिवाणूंच्या प्रायमरने तपासले असते, तर वर्कफ्लो बिनचूक चालला असता, अहवाल देखणा आला असता, आणि पाणी गुलाबी करणारा जीव त्या अहवालात कदाचित दिसलाच नसता. साचा अशा वेळी ओरडत नाही. त्याला लोणार म्हणजे काय ते ठाऊक नाही.

आता बुलढाण्यातील, किंवा कोठल्याही, शिक्षकाला यातले काय करता येईल? अनेक अभ्यासांचे जनुकीय तुकडे सार्वजनिक साठ्यांत मोफत मिळतात. आपल्या देशाचाही असा साठा फरिदाबादला २०२२ पासून आहे. वर सांगितलेल्या आज्ञावल्याही मोफत आहेत. साधा संगणक चाचणीच्या छोट्या माहितीला पुरतो. संपूर्ण अभ्यासाला मात्र बरीच स्मृती लागते, तेव्हा आधीपासून मोठ्या आशा ठेवू नयेत. पहिल्या दिवशी सारे बसवण्यातच दुपार जाते, हा आमचा अनुभव. स्वतः सरोवराचे पाणी आणण्याच्या भानगडीत पडू नये. लोणार हे अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर यादीतील पाणथळही आहे. नमुने घेण्यास परवानगी लागते.

जनुकांपर्यंत जाणे जमत नसेल तर शाळेच्या पर्जन्यमापकाच्या नोंदींवर हेच करून पाहता येते. नोंदींची फाइल, महिन्याची बेरीज करणारी आज्ञा, आलेख काढणारी आज्ञा आणि या तिघांना जोडणारा मेकचा चार ओळींचा कागद. सातवीच्या मुलांनी एका दिवसाची चुकलेली नोंद दुरुस्त करावी आणि एका आज्ञेत नवा आलेख निघालेला पाहावा. मग त्यांना विचारावे की काल भिंतीवर लावलेला आलेख कोणत्या नोंदींचा होता.

आम्ही आमचा तो हरवलेला आलेख आता साच्यातून पुन्हा बांधायला घेतला आहे. साच्यात जेथे माणसाने काही लिहायला हवे, तेथे 'करायचे आहे' अशी खूण असते, आणि अशा किती खुणा बाकी आहेत हे तपासणीची आज्ञा दर वेळी मोजून सांगते. आमच्या फोल्डरमध्ये काल सात बाकी होत्या. त्यांतील एक नमुन्यांच्या वर्णनाची आहे: पाणी कोणत्या महिन्यात घेतले, काठावरून की मधून, आणि तेव्हा त्याचा रंग कोणता होता. ती भरण्यासाठी मूळ शोधनिबंध पुन्हा काढून वाचायला बसलो आहोत.